आधी नोंदवही, मग कॅमेरा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

१८ मेचा जागतिक संग्रहालय दिन जवळ आला की आपल्या अजब बंगल्यातल्या, म्हणजे नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयातल्या, वस्तू ऑनलाइन कधी दिसणार, असे कुणीतरी विचारतेच. प्रश्न रास्त आहे. पण त्यावर आधी कॅमेऱ्याची कोटेशने मागवली जातात, तिथे गाडे चुकते. सुरुवात दाखल नोंदवहीपासून, म्हणजे संग्रहालयात आलेली प्रत्येक वस्तू क्रमांक देऊन जिच्यात नोंदवतात त्या वहीपासून, व्हावी. संग्रहालय १८६३ चे. एवढ्या काळात नोंदी करणारे हात बदलतात, इंच-तोळे जाऊन सेंटिमीटर-ग्रॅम येतात. नाण्याचा क्रमांक वहीशी जुळला नाही, तर फोटो कितीही सुबक असो, ते कुठल्या गावी सापडले हे गेलेच.

वहीचे काम घरबसल्या होते. अमरावतीच्या निवृत्त शिक्षिका, पुण्यात मोडी शिकणारी मुले पानांच्या फोटोंवरून नोंदी टाइप करू शकतात. एक पान दोघांना स्वतंत्रपणे द्यावे. जिथे दोघांचे जुळत नाही, तेवढ्याच ओळींसाठी अभिरक्षकाने (संग्रह सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याने) मूळ वही उघडावी.

चुकाही ठरलेल्या असतात. एक्सेलमध्ये ३/१२ हा पोटक्रमांक टाकला की त्याची तारीख होते, ००४५ चे ४५ होते. टाइप करण्याआधीच रकाना 'टेक्स्ट' करावा; नंतर केला तर क्रमांकाच्या जागी भलतीच पाच आकडी संख्या उरते. जुन्या वहीत 'वरीलप्रमाणे' या अर्थी दोन छोट्या रेघा मारलेल्या असतात. तिथे वरचा मजकूर चौकटी कंसात पुन्हा लिहावा. नाहीतर यादी अकारविल्हे लावताच त्या रेघा दुसऱ्याच गावाखाली जाऊन बसतात. तोळे तोळेच ठेवावेत, ग्रॅम शेजारच्या रकान्यात (तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम). इसवी सन काढताना शकात ७८ मिळवून मोकळे होऊ नये, माघ-फाल्गुनातल्या तारखेला ७९ लागतात. आणि 'पायऱ्या'तला ऱ्या दोन तऱ्हांनी टाइप होतो: दिसतो सारखा, पण शोधताना एक सापडतो, दुसरा नाही. कीबोर्ड सर्वांचा एकच ठरवावा.

वस्तूंमध्ये सर्वांत अवघड ताम्रपट. विदर्भातल्या प्राचीन वाकाटक राजांचे ताम्रपट म्हणजे कडीत ओवलेले अनेक पत्रे. प्रत्येकाच्या दोन्ही बाजू टिपाव्यात, कोऱ्यासुद्धा. पहिल्या पत्र्याची बाहेरची बाजू बहुधा कोरी असते. पण तिचा फोटो नसेल, तर पत्रा हरवला की फोटो राहिला, हे दूर बसलेल्याला कसे कळणार? समोरून प्रकाश टाकला की तांबे नुसते चकाकते. दिवा वरच्या डाव्या अंगाने, पत्र्याच्या पातळीशी जवळजवळ टेकवून लावावा. खालच्या अंगाने लावला तर खोदलेली अक्षरे उठावाची भासतात, आणि पेटिकाशीर्षक लिपीतल्या अक्षरांच्या डोक्यावरच्या चौकटी तर वाचणाऱ्याला हमखास चकवतात. सेंटिमीटरची पट्टी आणि दाखल क्रमांक फोटोतच हवेत.

उन्हाळी सुटीत स्वयंसेवक भरपूर मिळतात, म्हणून पानांचे फोटो मार्चअखेर तयार हवेत. प्रत्येक पानाचे दोन घ्यावेत: एक संग्रहालयासाठी पूर्ण, दुसरा कपाट क्रमांक आणि देणगीदाराचा पत्ता या रकान्यांवर जाड कागदाची पट्टी ठेवून. बाहेर जाईल तो दुसराच. पट्टी ठेवायला क्षणभर लागतो. हजार पाने संगणकावर नंतर पुसत बसायला कुणाला वेळ नसतो.

आपले,
संग्रहालय नोंदणीचे काम करणारे काही वाचक, नागपूर