‘या लोकांना’ म्हणजे नेमकं कुणाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकपत्रांत एका गृहस्थांनी दवाखान्यांतल्या गर्दीविषयी लिहिलं होतं. पेशंट एक आणि नातेवाईक दहा, व्हरांड्यात भाकऱ्या सोडून बसतात, सांगितलेलं ऐकत नाहीत, ‘या लोकांना दवाखान्यात कसं वागायचं ते कळतच नाही’ असा सूर होता. गर्दीचा त्रास खरा आहे. मी १९८५ ते २०१९ परिचारिका म्हणून काढली, सोलापुरातच, निरनिराळ्या वॉर्डांत. गर्दीवर त्या गृहस्थांपेक्षा जास्त ओरडले असेन. पण ‘या लोकांना’ हा शब्द वाचून थांबले. तो शब्द मी चौतीस वर्षं ऐकला आणि त्यातली निम्मी वर्षं तरी स्वतः वापरला. म्हणून हे पत्र.

सोलापूर बाहेरच्यांना चादरीपुरतं आणि चटणीपुरतं माहीत असतं. वॉर्डातलं सोलापूर वेगळं. एका खाटेवर अक्कलकोटकडची कन्नड बोलणारी म्हातारी, शेजारी शहराच्या पूर्व भागातली विडी कामगार, घरात तेलुगूच बोलणारी. पलीकडे दखनी बोलणारी मुसलमान बाई, दाराजवळ तांड्यावरची लमाण पोर. आणि कोपऱ्यात, कुणाला नको असलेल्या खाटेवर, पारध्याची बाई. मी बार्शीकडची. ट्रेनिंगला आले तेव्हा मराठीशिवाय एक अक्षर येत नव्हतं. ट्रेनिंगमध्ये हाडं शिकवली, औषधं शिकवली, बेडपॅन कसं द्यायचं तेही शिकवलं. ‘एक्कड नोप्पी’ म्हणजे ‘कुठं दुखतंय’, हे मात्र कुणी शिकवलं नाही.

ते शिकवलं वॉर्डातल्या मावशीनं. हुद्द्यानं आयाबाई. मावशीच्या घरी तेलुगू, गल्लीत कन्नड, बाजारात दखनी, ड्यूटीवर मराठी. फरशी पुसता पुसता ती मान वर न करता सांगायची, “सिस्टर, ती पोटात दुखतंय म्हणत नाही, कळा यायल्यात म्हणती.” मी एक वही केली. पुस्तकात कन्नड शब्द ‘नोवु’ होता, पण अक्कलकोटची बाई ‘होट्टी ब्यानी’ म्हणते, हे त्या वहीत आहे. पुस्तकात कुठंच नव्हतं.

भाषेचा घोळ कसा होतो, याचा एक मासला सांगते. पूर्व भागातली एक बाई ओपीडीत आली. सासर-माहेर दोन्ही तेलुगू, मराठी मोडकंतोडकं. नव्या हाउसमननं, म्हणजे शिकाऊ डॉक्टरनं, विचारलं, काय होतंय? ती म्हणाली, “डोळे फिरायलेत.” त्यानं नेत्रविभागाची चिठ्ठी लिहून दिली. तिथं दोन तास रांग, डोळ्यांत थेंब, अक्षरं वाचायला लावणं. बाईला अक्षरओळखच नव्हती, ते निराळंच. डोळे ठीक म्हणून परत पाठवली. तिसऱ्या दिवशी केसपेपरच्या रांगेत धाडकन खाली पडली. हिमोग्लोबिन पाच, म्हणजे अंगात रक्त फारच कमी! तेलुगूत चक्कर येते हे सांगायला ‘कळ्ळु तिरुगुतुन्नाइ’ म्हणतात, शब्दाला शब्द लावला तर ‘डोळे फिरतायत’. बाईनं आपल्या भाषेतलं वाक्य प्रामाणिकपणे मराठीत आणून दिलं होतं. डॉक्टर वाईट नव्हता, हुशार पोरगा होता. त्या दिवशी मावशीची सुट्टी होती, इतकंच.

मनाच्या दुखण्यात हे आणखी अवघड. एक मुसलमान बाई महिन्यातून दोनदा यायची, “दिल कैसा तो बी होरा.” दरवेळी ईसीजी काढायचा, दरवेळी तो चांगला यायचा. शेवटी तिच्या नावापुढं कुणीतरी पेन्सिलीनं ‘नाटक’ लिहिलं. मावशी एकदा तिच्याजवळ उकिडवी बसली आणि पाच मिनिटांत कळलं की तिचा थोरला मुलगा चार महिन्यांपूर्वी गेला होता. आम्ही तिला कधी विचारलंच नव्हतं, घरी सगळं ठीक आहे का म्हणून. आपल्याकडं तरी कोण येऊन सांगतं, मला नैराश्य आलंय म्हणून? कुणाचा जीव घाबरा होतो, कुणाच्या पोटात आग पडते, कुणाला ‘कसंतरीच’ होतं. मराठी बाईचं ‘कसंतरीच’ आम्हाला कळायचं. तिचं ‘कैसा तो बी’ हे नाटक.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम १८ निवृत्तीआधी आम्हाला एका वर्गात वाचून दाखवलं होतं. लिंग, लैंगिक कल, धर्म, संस्कृती, जात, वर्ग, अपंगत्व, कशावरूनही भेदभाव न करता उपचार मिळणं हा हक्क आहे, असं त्यात आहे. माहिती त्या माणसाला समजेल अशा भाषेत द्यावी, असंही त्याच कायद्यात पुढं आहे. मी हात वर करून विचारलं, ही भाषा बोलणारा माणूस कुठल्या पदावर नेमायचा? वर्ग घेणारे हसले आणि पुढच्या स्लाइडवर गेले.

आता जे लिहिते ते लिहायला मला इतकी वर्षं लागली.

१९९१ ची गोष्ट असेल. बाळंतपणाच्या वॉर्डात मी नाइटला होते. पारध्याची एक बाई संध्याकाळी बाळंत झाली होती, मुलगी. सोबत फक्त सासू. रात्री दहाच्या सुमाराला सिझेरियन झालेल्या बाईच्या नातेवाइकांनी आरडाओरडा केला, तिचं डोरलं गेलं म्हणून. वॉर्डातल्या सगळ्या माना एकाच कोपऱ्याकडं वळल्या. माझीही वळली. मी त्या बाईला खाटेवरून उठवलं. टाके ओले होते, तिला धड उभं राहता येत नव्हतं. तिचं गाठोडं मी माझ्या हातानं सोडलं. मावशीला सांगितलं असतं तरी झालं असतं, पण मला वाटलं इन्चार्ज म्हणून आपणच करावं. आत काय होतं, तर दोन भाकऱ्या, एक जुनं लुगडं बाळाला गुंडाळायला फाडलेलं, आणि एक रिकामी बाटली. सासू वाघरीत, म्हणजे त्यांच्या पारधी बोलीत, काहीतरी पुटपुटत होती. ती बोली मावशीलाही येत नव्हती.

डोरलं पहाटे सापडलं. ऑपरेशनला नेताना शिकाऊ पोरीनं ते गॉजमध्ये बांधून इंजेक्शनच्या कपाटात ठेवलं होतं आणि सांगायचं विसरून ड्यूटी संपवून गेली होती. मी कोपऱ्यातल्या खाटेकडं गेले तेव्हा ती रिकामी होती. बाळाला बीसीजी द्यायचं राहिलं, बाईला गोळ्या द्यायच्या राहिल्या. न सांगता गेलेल्या पेशंटसाठी रजिस्टरात एक ठरलेला शब्द असतो, ‘अ‍ॅबस्कॉन्डेड’. तो मी लिहिला, वेळ टाकली, सही केली. मराठीत त्याचा अर्थ ‘फरार’ होतो, हे कित्येक वर्षांनी एका सकाळी वर्तमानपत्र वाचताना लक्षात आलं आणि हातातला चहा तसाच राहिला. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून ज्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, त्यांत पारधी होते. १९५२ साली तो कायदा गेला. सोलापुरात तारेच्या कुंपणातली वसाहत होती, त्या भागाला गाव अजून सेटलमेंटच म्हणतं. कुंपण निघाल्याला चाळीस वर्षं होत आली होती, तेव्हा मी त्या बाईला रजिस्टरात फरार करून टाकलं.

मी दुष्ट नव्हते हो. मेणबत्ती हातात धरून शपथ घेतलेली, सणासुदीला ड्यूटी करणारी, पेशंटच्या पोरांना घरून डबा आणणारी सिस्टर. ‘मी कधी भेदभाव केला नाही’ हे निरोपसमारंभात आम्ही सगळ्याच म्हणतो, आणि खोटं बोलतोय असं कुणालाच वाटत नाही.

भेदभाव एकाच बाजूनं होतो असंही नाही. माझं आडनाव विचारून घेतल्यावर ‘पाणी नको, तहान नाही’ म्हणणाऱ्या म्हाताऱ्या मी पाहिल्यात. केरळच्या सिस्टरला ‘ए मद्रासी’ म्हणणारे मराठी पेशंट तर रोजचे. तिनं मराठी शिकावं हा हट्ट, आणि आपण तिच्या गावाचं नावही विचारायचं नाही!

उपासाचंच घ्या. साखरेचा पेशंट रोजे धरतो म्हटलं की आमच्यातल्या बऱ्याच जणी डाफरायच्या, अडाणी आहात का, जीव जाईल. नवरात्रात नऊ दिवस साबुदाण्यावर राहणारी, तीच साखर असलेली बाई आली की त्याच म्हणायच्या, देवीची कृपा आहे, पण जरा सांभाळून. गोळ्यांच्या वेळा दोघांनाही बसवून द्याव्या लागतात. एकाला शिव्या ऐकून मिळायच्या, दुसरीला कौतुकासकट.

माझी भाची न्यूझीलंडला नर्स आहे. तिथं नोंदणी करताना तिला ‘सांस्कृतिक सुरक्षितता’ या विषयाचा अभ्यास करावा लागला. मी म्हटलं, हे काय नवीन खूळ? तिनं सांगितलं ते असं. १९८८ साली एका सभेत एका माओरी विद्यार्थिनीनं विचारलं, तुम्ही कायद्याची सुरक्षितता शिकवता, उपचारांतली सुरक्षितता शिकवता, मग आमच्या संस्कृतीच्या सुरक्षिततेचं काय? इरिहापेती रॅम्सडेन या माओरी परिचारिकेनं त्या प्रश्नातून पुढची मांडणी उभी केली आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या नर्सिंग कौन्सिलनं ती अभ्यासक्रमात घेतली. त्यातला एक मुद्दा माझ्या मनात रुतून बसला: सेवा सुरक्षित झाली की नाही हे सिस्टरनं ठरवायचं नाही, ज्यानं सेवा घेतली त्यानं ठरवायचं. म्हणजे माझ्या चौतीस वर्षांचा निकाल माझ्या हातात नाही. तो त्या कोपऱ्यातल्या खाटेवरच्या बाईकडं आहे.

भाची म्हणते, माओरी लोकांत डोकं पवित्र मानतात, म्हणून डोक्याखालची उशी पायाखाली घालायची नाही. चूक होऊ नये म्हणून उशांचे अभ्रे वेगवेगळ्या रंगाचे ठेवतात. किती साधी, स्वस्त गोष्ट! मला आमच्या थिएटरच्या दारातले एक लिंगायत आजोबा आठवले. हर्नियाचं ऑपरेशन. गळ्यातलं इष्टलिंग काढायला तयार नव्हते, अंगावेगळं होता कामा नये म्हणत होते. भूलतज्ज्ञ वैतागले, लिस्ट खोळंबली, मी आजोबांना रागावले. मावशीनं कन्नडमध्ये त्यांच्याशी बोलून तोडगा काढला. इष्टलिंग स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळून उजव्या दंडाला बांधायचं. सर्जन म्हणाले, माझं काम पोटाशी आहे, दंडाला काय बांधायचं ते बांधा. दोन मिनिटं लागली. (भाचीला तिथं एका गोऱ्या म्हाताऱ्यानं ‘तू हात लावू नकोस’ म्हटलं होतं, हेही सांगायला हवं. अभ्यासक्रमानं सगळंच सुटतं असं नाही. पण त्या दिवशी तिच्या बाजूनं उभं राहायचं, हे तिच्या वरिष्ठांना शिकवलेलं होतं.)

मावशी २००८ साली निवृत्त झाली. शाल, श्रीफळ, फोटो. सेवापुस्तकात कामाचं स्वरूप ‘सफाई’. चार भाषांचा उल्लेख नाही, भत्ता तर दूरच. तिच्या जागी कंत्राटी माणसं आली. ती सहा महिन्यांत बदलतात, त्यांच्याकडून काय अपेक्षा करणार? गेल्या महिन्यात शेजारणीला घेऊन एका दवाखान्यात गेले होते. पुढच्या बाकावर एक तेलुगू बाई आणि तिची दहा-अकरा वर्षांची पोर. आत नंबर लागला तेव्हा दार उघडंच होतं. आईच्या अंगावरून किती जातं, किती दिवस जातं, हे ती पोर मान खाली घालून डॉक्टरांना मराठीत सांगत होती. आईनं मध्येच बोलणं थांबवलं. पोरीसमोर आणखी काय सांगणार? ते न सांगितलेलं काय होतं, ते कुठल्याही केसपेपरवर आलेलं नाही.

केसपेपरवर धर्माचा रकाना मी आयुष्यभर भरला. ‘घरी कुठली भाषा बोलता’ हा रकाना मला एकदाही दिसला नाही. मागणी करायचीच तर माझी एवढीच आहे: तो रकाना घाला, आणि मावशीसारख्या बायांना दुभाषी म्हणून त्या कामाचा पगार द्या. सोलापुरात अशा बाया शोधायला जाहिरात द्यावी लागणार नाही, पूर्व भागातल्या कुठल्याही गल्लीत हाक मारा. आणि नर्सिंगच्या पोरींना पहिल्या वर्षी हाडांबरोबर हेही शिकवा. आमच्यासारख्या म्हाताऱ्यांना बोलावलं तर पदरचं भाडं घालून येऊ, गाठोड्याची गोष्टही सांगू.

पत्रलेखक गृहस्थांना एकच विचारायचं आहे. व्हरांड्यात भाकऱ्या सोडून बसलेले ते दहा जण कुठल्या भाषेत बोलत होते, हे त्यांना आठवतं का? दहातला एक जण बहुधा डॉक्टरांचं बोलणं बाकीच्या नऊ जणांना उलगडून सांगायला आलेला असतो.

माझी ती वही अजून आहे. दोनशे पानी, पुठ्ठा सुटलाय, हळदीचे डाग आहेत. कन्नड, तेलुगू आणि दखनीची पानं भरलेली आहेत. थोडं गोरमाटीही, म्हणजे लमाणांची बोलीही आहे, तांड्यावरच्या एका आजीनं सांगितलेली. ‘पारधी’ असं वर लिहिलेलं एक पान कोरं आहे. कुठल्या नर्सिंग शाळेला झेरॉक्स हवी असेल तर माझा पत्ता आपल्या कार्यालयाकडं दिला आहे. त्या कोऱ्या पानासाठी कुणी वाघरी जाणणारं भेटलं तर मलाही कळवावं.

(नाव कृपया छापू नये. सोबत काम केलेल्या बाया अजून नोकरीत आहेत.)

– एक निवृत्त परिचारिका, सोलापूर