मागच्या डिस्क ब्रेकचा पिस्टन सरळ दाबू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गाडीची लहानमोठी कामे स्वतः करणारे वाहनधारक कोल्हापुरात कमी नाहीत. उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत ज्यांची हयात गेली, त्यांनी चारचाकीचे ब्रेक पॅड घरच्या अंगणात बदलले तर त्याला माझा मुळीच विरोध नाही. मात्र पुढच्या चाकांचे पॅड बदलता आले म्हणजे मागचेही येतील, या समजुतीने अनेकजण मागच्या कॅलिपरला, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर (तबकडीवर) पॅड आवळणाऱ्या भागाला, हात घालतात आणि चांगला कॅलिपर निकामी करून बसतात, म्हणून हे पत्र.

नव्या, जाड पॅडला जागा करण्यासाठी पुढच्या कॅलिपरचा पिस्टन (पॅडला ढकलणारा दट्ट्या) सी-क्लॅम्पने, म्हणजे स्क्रूच्या शिकंजाने, सरळ आत दाबला की काम होते. मागे डिस्क असलेल्या बऱ्याच गाड्यांत मात्र हँडब्रेकची यंत्रणा कॅलिपरच्या पोटातच असते. तिथला पिस्टन आट्यांच्या दांड्यावर बसलेला असून पॅड झिजत जाईल तसा तो आट्यांवरून पुढे सरकतो आणि त्यामुळेच हँडब्रेक सैल पडत नाही. असा पिस्टन दाबताना फिरवावाही लागतो. बहुतेक गाड्यांत तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आत जातो, काही गाड्यांत एका बाजूला उलटा फिरवावा लागतो. क्लॅम्प लावून जोर केला तर आतली यंत्रणा मोडते, आणि पायाचा ब्रेक ठीक लागत असल्याने ते लगेच ध्यानातही येत नाही. पुढे जोतिबाच्या किंवा पन्हाळ्याच्या उतारावर गाडी लावल्यावर हँडब्रेक धरत नाही, तेव्हा ते कळते. काही गाड्यांत हँडब्रेकसाठी डिस्कच्या आत वेगळा छोटा ड्रम असतो, तिथे पिस्टन सरळ दाबता येतो. आपली गाडी कोणत्या प्रकारची आहे, हे चाक खोलण्यापूर्वीच गाडीच्या माहितीपुस्तिकेत पाहावे.

फिरवायच्या पिस्टनच्या तोंडावर खाचा असतात. त्यांत बसणारे हत्यार लावून पिस्टन सावकाश आत न्यावा आणि भोवतीचे रबर पिस्टनबरोबर पिळले जात नाही ना, याकडे सतत लक्ष ठेवावे, कारण ते फाटले की पाणी आणि चिखल थेट आत जातो. काही गाड्यांत आतल्या पॅडच्या पाठीवर छोटा उंचवटा असतो, तो पिस्टनच्या खाचेत बरोबर बसलाच पाहिजे. नाहीतर पॅड तिरका टेकतो आणि तिरकाच झिजतो. बटणावर चालणारा इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल तर गाडी आधी सर्व्हिस मोडमध्ये, म्हणजे हँडब्रेकची यंत्रणा पिस्टन मोकळा सोडेल अशा स्थितीत, घ्यावी लागते; ते जमत नसेल तर हे काम घरी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मागची चाके उचलताना हँडब्रेक सोडलेला असतो. म्हणून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावावेत आणि गाडी केवळ जॅकवर न ठेवता भक्कम स्टँडवर घ्यावी. कॅलिपर ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबकळत न ठेवता तारेने बांधावा. पिस्टन आत जाताना टाकीतले ब्रेक ऑइल वर चढते. ते सांडले तर रंग खराब करते. काळी भुकटी हवेच्या दाबाने उडवू नये, ती श्वासावाटे फुप्फुसात जाते.

आपल्याकडचा पावसाळा आणि उसाच्या हंगामात रस्त्यावर पडणारा चिखल पाहता कॅलिपरच्या सरकत्या पिना साफ करून त्यांना ब्रेकचेच ग्रीस लावणे हे नवे पॅड बसवण्याइतकेच महत्त्वाचे आहे. एक पॅड जाड आणि दुसरा संपलेला दिसला, तर बहुधा पिन अडकलेली असते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात ज्या गाड्या पाण्यात उभ्या होत्या, त्यांचे मागचे कॅलिपर एकदा तरी उघडून पाहायला हवेत. डिस्कवर तिची किमान जाडी कोरलेली असते. बिडाच्या ओतकामावर पोट असलेल्या या शहरात ती जाडी मोजायला व्हर्निअर मिळणे अवघड नाही. काम झाल्यावर गाडी हलवण्यापूर्वी ब्रेकचे पेडल घट्ट लागेपर्यंत दाबत राहावे, कारण पहिल्या काही दाबांत ते रिकामे जाते.

पिस्टन फिरवण्याचे हत्यार वर्षानुवर्षांत एखाद्या वेळीच लागते, त्यामुळे ते सहसा कोणी विकत घेत नाही आणि क्लॅम्पचा मोह होतो. सुट्या भागांच्या विक्रेत्यांनी ते अनामत रक्कम घेऊन भाड्याने द्यावे आणि मागचे पॅड विकताना ‘पिस्टन फिरवायचा आहे की दाबायचा’ एवढे मराठीत लिहिलेली चिठ्ठी सोबत द्यावी. आयटीआयच्या मोटार मेकॅनिक विभागाने रविवारी वाहनधारकांसाठी प्रात्यक्षिक ठेवल्यास पावसाळ्यापूर्वीचा मे महिना त्यासाठी सोयीचा ठरेल.

आपला,
एक वाहनधारक,
राजारामपुरी, कोल्हापूर