थोडं थांबू म्हणालास म्हणून

बाबू,

चिऊचा सोळा महिन्यांचा लसीचा डोस "थोडं थांबू" म्हणालास तेव्हा मी काही बोलले नाही. फोनवर मला नीट मांडता येत नाही आणि तू मधेच तोडतोस, म्हणून लिहूनच पाठवतेय. मोठं झालंय, पण अश्विनीला पण वाचायला दे आणि दोघांनी मिळून ठरवा.

तू पाठवलेली बातमी मी नीट वाचली. खरी आहे ती, फेक नाही. ॲस्ट्राझेनेका कंपनीने ब्रिटनच्या कोर्टात दिलेल्या कागदात मान्य केलंय की त्यांच्या कोव्हिडच्या लसीने अगदी क्वचित रक्तात गुठळ्या आणि सोबत प्लेटलेट कमी असा आजार होऊ शकतो. तीच लस आपल्याकडे कोव्हिशिल्ड, पुण्याला सिरममध्ये बनलेली, तू घेतलीस, मी घेतली, गावातल्या बहुतेक सगळ्यांनी घेतली. पण बातमी 2024 ची असली तरी गोष्ट 2024 ची नाही. युरोपच्या औषध संस्थेने 7 एप्रिल 2021 लाच सांगितलं होतं की हा त्रास लसीच्या कागदावर दुर्मिळ साइड इफेक्ट म्हणून लिहा. आणि तो व्हायचा तर डोसनंतरच्या काही आठवड्यांत व्हायचा, तीन वर्षांनी नाही, त्यामुळे तुझं छातीत दुखतं ते त्याला जोडून रात्र रात्र जागू नकोस (डॉक्टरला मात्र दाखव, ते वेगळं).

आता तुझा खरा प्रश्न. "तिकडे थांबवलं, मग आपल्याकडे का नाही थांबवलं, आपण काय उंदीर आहोत का?" हा प्रश्न मला बरोबर वाटतो, तो विचारायलाच हवा. डेन्मार्कने 11 मार्च 2021 ला ही लस देणं थांबवलं, चार दिवसांनी जर्मनी, फ्रान्स, इटली, स्पेनने पण. 18 तारखेला युरोपच्या संस्थेने फायदा जास्त आहे म्हटल्यावर या चार मोठ्या देशांनी परत सुरू केलं, पुढे वयाची अट घातली, डेन्मार्कने मात्र एप्रिलमध्ये कायमचीच बंद केली. अमेरिकेत जॉन्सन अँड जॉन्सनच्या कोव्हिडच्या लसीचं तसंच, 68 लाख डोस झाले होते आणि सहा बायकांना गुठळ्या झाल्या, तेवढ्यावर 13 एप्रिलला थांबवलं, दहा दिवसांनी इशारा छापून परत चालू केलं. सहा जणींसाठी थांबले, मला हे चांगलंच वाटतं. त्या दहा दिवसांत तिथल्या डॉक्टरांना पण कळलं की अशा पेशंटला गुठळ्यांवरचं नेहमीचं औषध हेपॅरिन देऊ नका, म्हणजे थांबण्याचा काहीतरी उपयोग झाला.

पण डेन्मार्कच्या फ्रिजमध्ये दुसरी लस होती रे. फायझर होती, मॉडर्ना होती, आणि साथ पण तिथे तेव्हा आटोक्यात होती. आपल्याकडचा तो एप्रिल-मे तू मुंबईत काढलास, मी इथे. देशात दिवसाला चार लाखांवर पेशंट निघत होते. हापूसच्या पेट्या तयार आणि बागवाले तापाने आडवे. मला रिटायर झाल्यावर पण नोंदींसाठी लसीच्या केंद्रावर बोलावलं होतं, माणसं पहाटे अंधारात येऊन टोकनला बसायची आणि दुपारी बाटल्या संपल्या म्हणून परत जायची. कोव्हॅक्सिन आमच्याकडे नावाला. त्या आठवड्यात कोव्हिशिल्ड थांबवली असती तर साठीच्या वरच्या माणसांना दुसरं काय देणार होतो आपण? माझं मत स्पष्ट आहे, इथे थांबवलं नाही ते बरोबर केलं. पंचविशीतल्या पोरांचं विचारशील तर तिथे वाद होऊ शकतो, ब्रिटनने तिशीच्या आतल्यांना शक्यतो दुसरी द्या असं ठरवलं ते बरोबरच होतं, पण द्यायला दुसरी हातात होती म्हणून.

मला राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा, आणि तो अजून आहे. थांबवलं नाही ते ठीक, पण सांगितलं का नाही?

बघ, 17 मे 2021 ला केंद्र सरकारच्या एईएफआय समितीचं, म्हणजे लसीनंतरचे त्रास तपासणाऱ्या समितीचं, जाहीर झालं. लसीनंतरच्या 498 गंभीर केसेस तपासल्या, त्यात कोव्हिशिल्डनंतर गुठळ्यांच्या असू शकतील अशा 26, म्हणजे दहा लाख डोसमागे 0.61. आणि सोबत सूचना की लस घेतल्यावर वीस दिवसांत दम लागला, छातीत दुखलं, पाय सुजला, सुईच्या जागेपासून लांब कातडीवर लाल ठिपके आले, उलटीसोबत किंवा उलटीशिवाय डोकं सतत दुखत राहिलं तर लगेच केंद्रावर या. चांगली सूचना होती, नेमकी होती. पण आदल्या दिवशी आपल्या किनाऱ्यावरून तौक्ते वादळ गेलेलं. पोल पडलेले, कौलं उडालेली, मोबाईलला रेंज नाही, कोण वाचणार ती सूचना? आणि लाईट आल्यावर तरी कोणी सांगितली? मी ज्या केंद्रावर बसत होते तिथे मराठीत एक चिठ्ठी नाही लागली भिंतीवर. मी विचारलं तर उत्तर मिळालं, "उगाच घाबरवू नका, लोक यायचे बंद होतील."

हे मला नाही पटलं, आजही नाही पटत. लोक सांगितल्याने पळत नाहीत, मागाहून दुसऱ्याच कोणाकडून कळलं की पळतात. नोकरीभर बाळांना लस देताना मी प्रत्येक आईला चार गोष्टी सांगत आले, कुठली लस दिली, काय त्रास होऊ शकतो आणि झाला तर काय करायचं, पुढची कधी, आणि कार्ड जपून ठेव, येताना आण. आम्हाला शिकवलेलंच तसं होतं. एकदा खालच्या वाडीतल्या एका म्हातारीने कार्ड हातात घेऊन विचारलंन, "बाळाक सुई दितंस ती दी गो, पण रात्री काय झाला तर येव खंय?" तिला वाचता येत नव्हतं, मी माझ्या घराची खूण सांगितली. ती नंतर स्वतः दुसऱ्यांच्या सुनांना घेऊन यायची. तेवढंच लागतं माणसांना, रात्री काय झालं तर यायचं कुठे.

2010 चं तुला माहीत नसेल, तू शाळेत होतास. आंध्रात खम्मम आणि गुजरातमध्ये वडोदरा इथे मुलींना एचपीव्हीची लस देत होते, गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरवरची. सात मुली गेल्या आणि एप्रिल 2010 ला सरकारने सगळं थांबवलं. चौकशीत निघालं की कोणी पाण्यात बुडालेली, कोणाला साप चावलेला, कोणी कीटकनाशक प्यायलेली, कोणाला मलेरिया. लसीने गेल्या असं काही निघालं नाही. पण दुसरं निघालं, आणि ते भयंकर होतं, की आश्रमशाळा-हॉस्टेलमधल्या कित्येक मुलींच्या संमतीच्या फॉर्मवर आईबापाच्या ऐवजी वॉर्डनची सही. गरीब आदिवासी मुली, त्यांच्या आयांना विचारलंच नाही. 2013 ला संसदेच्या समितीने त्यावर फार कडक लिहिलं. तेव्हा थांबवलं ते मला योग्य वाटतं. पण थांबवल्यावर दोष सुधारून, घरोघरी जाऊन विचारून परत सुरू करायला हवं होतं, ते राहिलं ते राहिलंच, वर्षांमागून वर्षं गेली. या कॅन्सरने आपल्या देशात वर्षाला 75 हजारांच्या वर बायका जातात. तुझी मोठी मावशी त्यातलीच. म्हणून मला या विषयावर शांत राहता येत नाही.

आणि एका देशाने थांबवलं की दुसऱ्याचं पण नुकसान होतं. 1999 मध्ये अमेरिकेत रोटाव्हायरसची, म्हणजे बाळांच्या जुलाबावरची, पहिली लस थांबवली, काही बाळांचं आतडं आतल्या आत दुमडत होतं, साधारण दहा हजारात एखाद्याचं. तिकडे जुलाबाने मुलं फारशी मरत नव्हती, त्यांच्यासाठी तो हिशोब बरोबर होता. आपल्याकडे मुलं मरत होती. पण अमेरिकेने नाकारलेली लस कुठलं गरीब सरकार घेणार? पुढच्या लसी 2006 ला आल्या आणि आपल्या सरकारी यादीत तर 2016 पासून. मधल्या काळात सुकलेल्या डोळ्यांची, पोटाची कातडी चिमटीत धरली तर परत खाली न बसणारी किती बाळं मी मांडीवर घेऊन ओआरएस पाजत बसलेय, सगळी नाही वाचली.

आता चिऊचं. तुझ्या "थोडं थांबू"मध्ये नवीन माहिती कुठली यायची वाट बघतोयस ते मला सांग. तिच्या या डोसातली गोवर-रुबेलाची लस कोव्हिडच्या लसीसारखी घाईत आलेली नाही, जुनी आहे, कोट्यवधी मुलांना दिलेली. आणि वाट बघायची किंमत तुझ्या मुंबईतच दिसली, कोव्हिडमध्ये मुलांचे डोस राहिले आणि 2022 ला गोवंडीत गोवराने मुलं दगावली.

त्रास काय होतो तेही सांगते, म्हणजे मी लपवलं असं नको. डीपीटीच्या (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टरने त्याच दिवशी ताप, मांडी दुखते, किरकिर. गोवरच्या लसीने ताप किंवा बारीक पुरळ लगेच नाही, साधारण आठवड्याने येतं, तेव्हा दात येतायत म्हणून सोडून देऊ नका. क्वचित तापात झटका येतो, बघायला फार भीती वाटते पण बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात, तरी लगेच डॉक्टरकडे न्यायचं. जोरदार ॲलर्जी दहा लाखात एखाद-दुसऱ्याला, ती बहुतेक वेळा पहिल्या अर्ध्या तासात दिसते, म्हणून तिथून हलायचं नाही, कितीही घाई असली तरी. बाटलीवरचा गोल बघायला माग, आतला चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिका पाहिजे, म्हणजे लस गरम झालेली नाही. आणि सिस्टरला विचार की रात्री काही झालं तर कोणाला फोन करायचा. सांगत नसेल तर दुसरीकडे जा, पण दुसरीकडे जा, घरी बसू नका.

तारीख ठरली की कळव, मी तुतारी एक्स्प्रेसचं तिकीट काढते. आठवडाभर राहीन, ताप येऊन जाईपर्यंत.

तुझी
आई