दोघांचंही बिऱ्हाड

महोदय,

रेसिडेन्सीनंतर (म्हणजे कलावंताला काही काळ राहून काम करायला मिळणाऱ्या जागेतल्या मुक्कामानंतर) परगावीच स्थायिक होणाऱ्या कलावंत जोडप्यांवरचा लेख वाचला. त्यात चित्रकार योसेफ आणि विणकाम करणारी त्यांची पत्नी अ‍ॅनी आल्बर्स यांचा उल्लेख हवा होता. १९३३ मध्ये जर्मनीतली बाउहाउस ही कलाशाळा बंद पडली आणि दोघं जर्मनी सोडून अमेरिकेतल्या ब्लॅक माउंटन कॉलेजात शिकवायला गेले. योसेफना इंग्रजी जेमतेमच; अ‍ॅनीला ते येत होतं, म्हणून निभावलं! तिथून ते वारंवार मेक्सिकोला जात. तिथल्या माँते आल्बान या प्राचीन स्थळाच्या थडग्यातले प्राचीन दागिने पाहून अ‍ॅनीने एका विद्यार्थ्याबरोबर सिंकची जाळी आणि कागदाच्या क्लिपा गुंफून गळ्यातलं केलं. १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये तिच्या विणकामाचं स्वतंत्र प्रदर्शन भरलं. पुढच्याच वर्षी येल विद्यापीठाने योसेफना बोलावलं आणि बिऱ्हाड न्यू हेवनला हललं. अशा वेळी जोडीदाराचा विणकामाचा माग कुठे मांडायचा, हे सहसा कुणी विचारत नाही. आजही बऱ्याच रेसिडेन्सींत स्टुडिओ एकालाच मिळतो, दुसरा ‘सोबत आलेला’. अर्जातच दोघांच्या कामाच्या जागेची विचारणा व्हावी, असं मला वाटतं.

– एक वाचक