'जोडून' पूर्ण केला म्हणजे नेमके काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकी दिग्दर्शक ऑर्सन वेल्स यांच्या 'दि अदर साइड ऑफ द विंड'वरील रविवारच्या लेखात 'उरलेले तुकडे जोडून चित्रपट पूर्ण केला' असे वाक्य आहे. खरी मेख त्या 'जोडून'मध्येच आहे.

चित्रीकरण १९७० ते १९७६ चालले. वेल्स १९८५ मध्ये वारले, तेव्हा त्यांनी स्वतः कापून बसवलेला भाग जेमतेम पाऊण तासाचा होता. बाकीचे मालकीच्या भांडणात पॅरिसमध्ये अडकले. त्यात इराणच्या शहांच्या मेहुण्याचा पैसा आणि वर तिथली १९७९ ची क्रांती. २०१७ मध्ये लॉस एंजेलिसला पोहोचली १,०८३ रिळे. सुमारे १०० तासांचा ऐवज. ३५ मिमी, १६ मिमी, सुपर ८, रंगीत, कृष्णधवल, सगळी सरमिसळ.

वेल्स यांनी कात्री चालवली होती रशप्रिंटवर, म्हणजे निगेटिव्हवरून संकलनासाठी काढलेल्या कच्च्या प्रतीवर. तिच्यावर रेघोट्या, पेन्सिलीच्या खुणा, टेपचे सांधे असतात. ती तशीच पडद्यावर नेता येत नाही. प्रत्येक शॉट मूळ निगेटिव्हमध्ये हुडकावा लागतो. ३५ मिमीच्या काठावर दर फुटाला, म्हणजे १६ फ्रेमनंतर, क्रमांक असतो आणि तो प्रिंटवरही उमटतो, म्हणून एरवी हे काम किचकट असले तरी सरळ असते. पण १६ मिमीचा तुकडा मोठा करून ३५ वर छापला की काठावर येतात ते नव्या फिल्मचे आकडे. मग डोळ्यांनी, नाहीतर संगणकाकडून, फ्रेमशी फ्रेम ताडून पाहायची.

आवाजाचे दुखणे निराळे. फीत गहाळ असेल तर संवाद पुन्हा बोलवून घ्यावा लागतो आणि दोन-तीन फ्रेम मागेपुढे झाल्या तरी ओठ खटकतात. प्रमुख भूमिकेतल्या जॉन ह्यूस्टन यांच्या काही ओळी त्यांचा मुलगा डॅनी यांनी म्हटल्या आहेत. मिशेल लग्राँ यांचे संगीत तर वेल्स यांनी ऐकलेलेच नाही.

२०१८ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात दाखवलेला चित्रपट १२२ मिनिटांचा. म्हणजे निम्म्याहून अधिक संकलन बॉब मुरॉस्की यांचे. त्यांनी ते वेल्स यांच्या टिपणांवरून, त्यांच्या तुटक लयीत केले आणि आमच्या मते उत्तम केले. पण कोणते मिनिट कोणाचे, हे पडद्यावर कळत नाही.

याउलट, पोलंडचे दिग्दर्शक आंद्रे मुंक १९६१ मध्ये 'पासाझेर्का' या चित्रपटाचे चित्रीकरण चालू असताना अपघातात गेले. सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये चित्रपट बाहेर काढला तो जहाजावरचे प्रसंग स्थिरचित्रे आणि निवेदन यांवर ठेवून. ६२ मिनिटांत सांधा कुठेही लपवलेला नाही. वेल्स यांच्या चित्रपटाला ही रीत शोभली नसती, हेही खरे. त्यात चित्रित झालेले फार होते, मुंक यांच्याकडे मुळात तेच नव्हते.

तरी एक करता येईल. सबटायटलच्या जोडीला आणखी एक ऐच्छिक ट्रॅक द्यावा : 'संकलन वेल्स', 'संकलन २०१८', 'आवाज नव्याने', एवढ्याच नोंदींचा. अशा कामात संकलकाला ही यादी नाहीतरी ठेवावीच लागते.

आपले,
दोन चित्रपट संकलक, पुणे