सुती दोऱ्याच्या गुंड्यावर मीटर छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतला क्रोशाच्या विणकामावरचा लेख आमच्या घरी सगळ्यांनी वाचला. नमुने सुरेख होते. सूनबाईंनी त्यातलं तोरण लगेच विणायला घेतलं. मी मात्र साहित्याच्या पहिल्याच ओळीवर अडलो : 'कोणताही चांगला सुती दोरा.' माझी सारी नोकरी सूतगिरणीच्या चाचणी विभागात झाली. तिथे कुणी सुताला नुसतं 'चांगलं' म्हटलं असतं, तर साहेबांनी ताबडतोब विचारलं असतं, कशासाठी चांगलं? विणणाऱ्या बायकांनीही दुकानात हाच प्रश्न आधी विचारायला हवा, असं मला कळकळीने वाटतं.

भांडी पुसायचं फडकं विणायचं असेल, तर सगळ्यांत चकचकीत दोरा बाजूला ठेवावा. ती चमक मर्सरायझेशनची असते. जॉन मर्सर या इंग्रज रसायनतज्ज्ञाने १८५० मध्ये कॉस्टिक सोड्याच्या या प्रक्रियेचं पेटंट घेतलं. पुढे होरेस लो याने सूत ताणून धरून तीच प्रक्रिया केली, तेव्हा त्याला झळाळी आली. सोड्यात कापसाचा चपटा, पिळवटलेला तंतू फुगून गोलसर होतो, मजबूत होतो आणि रंग खोलवर धरतो. तोरण, टेबलावरचा रुमाल, रुखवतातले मोर आणि कमळं या कामांत क्रोशाचा टाका न् टाका, म्हणजे खांब न् खांब, साखळी न् साखळी उठून दिसायला हवी, तिथे हाच दोरा घ्यावा. मात्र क्रोशाच्या अशा दोऱ्याची लव बहुधा ज्योतीवर जाळून काढलेली असते, पीळही घट्ट असतो, त्यामुळे फडक्यात तो पाणी चटकन टिपत नाही. फडक्याला आणि अंग पुसायच्या पंच्याला साधा, मऊ, सैल पिळाचा दोराच हवा. सूत ओलं झालं की कमजोर होत नाही, उलट त्याची ताकद वाढते. म्हणून असं फडकं रोज पिळलं तरी टिकतं.

बाळाच्या टोपड्याला आणि झबल्याला कोंब्ड सूत पाहावं. त्यातले आखूड तंतू विंचरून काढलेले असतात. आखूड तंतू राहिले की दोऱ्याबाहेर टोकं जास्त येतात, कपड्यावर लव उठते आणि धुतल्यावर गोळे धरतात. दुकानात दोऱ्याचं टोक बोटांत धरून थोडा पीळ सोडवून पाहिला, तरी आतले तंतू किती लांब आहेत याचा अंदाज येतो. लोकरीच्या स्वेटरचा नमुना सुतात उतरवताना जास्त सांभाळावं लागतं. लोकर ताणली तरी परत जागेवर येते, सूत येत नाही. काठाची पट्टी सैल पडते आणि स्वेटर स्वतःच्याच वजनाने लांबतो. हाताएवढा तुकडा विणून, धुऊन, टांगून सुकवावा आणि मगच टाके ठरवावेत.

आता माझ्या मुख्य तक्रारीकडे येतो. गुंड्यावर वजन असतं, लांबी बहुतेक वेळा नसते. विणणारीला तर लांबीच लागते. क्रोशाच्या दोऱ्याचे १०, २०, ४० नंबर वाढतील तसा दोरा बारीक होतो. १० नंबरला साधारण दीड मिलिमीटरची स्टीलची सुई लागते, ४० नंबरला एक मिलिमीटरच्या आसपासची. तारांचा, म्हणजे एकत्र पिळलेल्या धाग्यांचा, आकडा वाढला की मात्र दोरा बहुधा जाड होतो. पण बारीक सुताच्या चार तारा जाड्या सुताच्या दोन तारांपेक्षा बारीक असू शकतात, म्हणून नुसतं 'चार तारी' म्हणून भागत नाही. आमच्या गिरणीत सुताच्या जाडीचा हिशोब पक्का होता. एक पौंड सुतात ८४० यार्डांच्या जितक्या लड्या, तितका त्याचा नंबर. चरखीवर ठरावीक यार्ड गुंडाळायचे, वजन करायचं आणि त्यावरून हा नंबर काढायचा. घरी इतकं करायला नको. दोरा १० मीटर मोजून ०.१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर ठेवावा. ५ ग्रॅम भरला तर ५० ग्रॅमच्या गुंड्यात १०० मीटर आहेत. अडीच ग्रॅम भरला तर २०० मीटर. दोन्ही गुंडे एकाच भावाचे असले, तरी एकातून दुसऱ्याच्या दुप्पट दोरा निघतो.

दुसरी तक्रार भेसळीची. इंदूरच्या राजवाड्याजवळच्या एका दुकानात 'प्योर कॉटन है, आँख बंद करके ले जाइए' म्हणून मिळालेला दोरा मी घरी येऊन जाळून पाहिला, तर टोकाला काळी टणक गुठळी झाली. निव्वळ सूत कागदासारखं जळतं, वासही तसाच येतो आणि मागे मऊ राख उरते. गुठळी म्हणजे ॲक्रिलिक किंवा पॉलिस्टर. 'मिल्क कॉटन' म्हणून जे विकतात, त्यातही बहुधा अशी मिसळ असते. पिशवीला, बाहुलीला ती चालेल. पण त्याच दोऱ्याची मॅट विणून कुणी वर गरम कढई ठेवली, तर धागा वितळून ओट्याला नाहीतर हाताला चिकटेल. हे आधी सांगितलंच गेलं पाहिजे.

रंगाचंही थोडं सांगतो. एकाच लॉटचे, म्हणजे एकाच वेळी रंगवलेले, गुंडे एकदम घ्यावेत. सूनबाईंना अर्ध्या तोरणावर नवा गुंडा आणावा लागला आणि त्यातला लाल वेगळाच निघाला. पांढऱ्यासोबत लाल विणायचा असेल, तर लाल दोऱ्याचा तुकडा ओला करून आधी पांढऱ्या कापडावर दाबून पाहावा. मीठ किंवा व्हिनेगर घातल्याने सुताचा रंग पक्का होत नाही. न चिकटलेला रंग धुऊनच काढावा लागतो.

आवेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांनुसार पाकिटावर उत्पादकाचं नाव-पत्ता, निव्वळ वजन आणि कमाल किंमत छापावीच लागते. त्याच कागदावर मीटर, कापसाचं प्रमाण, मर्सराइज्ड की साधा आणि लॉट नंबर या चार गोष्टी आणखी आल्या, तर छपाईचा खर्च फारसा वाढणार नाही. इथली हुकुमचंद मिल ही कापडगिरणी १९९१ मध्ये बंद पडली, तरी मालवा मिल परिसरातल्या जुन्या कामगारांना सुताचा नंबर अजून तोंडपाठ आहे. शेजारच्या निमाडात, खरगोन-बडवानीकडे आजही कापूस पिकतो. अशा इंदूरमध्ये गिऱ्हाइकाला सूत डोळे मिटून घ्यावं लागू नये.

आपल्यालाही एक विनंती आहे. पुढचा नमुना छापाल तेव्हा 'चांगला सुती दोरा' याऐवजी दोऱ्याचा प्रकार, लागणारे एकूण मीटर आणि सुईचं माप द्यावं. गुंड्यावर मीटर नसले, तर दुकानदाराकडे ते मागायला बायकांच्या हातात निदान आपलं कात्रण असेल.

आपला,
एक निवृत्त सूत-परीक्षक
सुदामा नगर, इंदूर