विद्यार्थी पाठवायचे असतील, तर सहा महिन्यांसाठी पाठवा

मा. वैद्यकीय शिक्षणमंत्री यांस,

सादर नमस्कार.

मी एका लहान शहरात जनरल प्रॅक्टिस करतो. वैद्यकीय महाविद्यालयातले विद्यार्थी अधूनमधून माझ्याकडे प्रशिक्षणाला येतात. जेमतेम दोन आठवडे थांबतात, लॉगबुकवर, म्हणजे केलेल्या कामाच्या नोंदवहीवर, माझ्या सह्या घेतात आणि परत जातात. मुले हुशार असतात, कष्टाळूही असतात. तक्रार त्यांच्याबद्दल नाही, त्या दोन आठवड्यांबद्दल आहे. माझ्याकडे शिकण्यासारखे जे काही आहे, ते एवढ्या मुदतीत त्यांच्या नजरेस पडतच नाही. म्हणून ही पोस्टिंग किमान सहा महिन्यांची करावी, एकाच गावात आणि एकाच डॉक्टरच्या हाताखाली करावी, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहितो आहे.

1961 साली आरोग्यसेवेचे संशोधक केर व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका आणि ब्रिटनमधली आकडेवारी तपासून एक साधा हिशोब मांडला होता. 1000 प्रौढ माणसे घेतली, तर महिन्याभरात त्यांतल्या 750 जणांना काही ना काही दुखणे होते. 250 जण डॉक्टरकडे जातात. 9 जण रुग्णालयात दाखल होतात, 5 जणांना दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवले जाते आणि विद्यापीठाच्या रुग्णालयापर्यंत पोचतो तो 1. चाळीस वर्षांनी अमेरिकेत हा हिशोब पुन्हा केला गेला, तेव्हाही चित्र जवळपास तेच निघाले. आपण डॉक्टर घडवतो ते मुख्यतः या एका रुग्णाच्या खाटेशेजारी उभे करून. तो एक महत्त्वाचा नाही, असे मी म्हणणार नाही. पण डॉक्टर झाल्यावर त्यांतल्या बहुतेकांची गाठ डॉक्टरकडे जाणाऱ्या उरलेल्या 249 जणांशी पडणार असते, आणि त्यांच्याबाबत विचार करण्याची पद्धतच वेगळी आहे.

ती वेगळी कशी, हे थोडे सविस्तर सांगतो, कारण सगळा मुद्दा इथेच आहे. एक तपासणी घ्या. आजार असलेल्या 100 जणांपैकी 90 जणांना ती बरोबर पकडते आणि निरोगी 100 जणांपैकी 90 जणांना बरोबर सोडून देते. मोठ्या रुग्णालयातल्या स्पेशालिस्टकडे गाळून गाळून रुग्ण येतात. समजा त्याच्यासमोरच्या निम्म्या लोकांना तो आजार आहेच. मग तिथे तपासणी पॉझिटिव्ह आली की 100 पैकी 90 वेळा ती खरी असते. आता तीच तपासणी माझ्याकडे आणा, जिथे तो आजार 1000 पैकी 10 जणांनाच आहे. त्या 10 पैकी 9 जण पॉझिटिव्ह येतील, आणि निरोगी 990 जणांपैकी 99 जणही पॉझिटिव्ह येतील. म्हणजे 108 पॉझिटिव्ह रिपोर्टपैकी खरे फक्त 9. यंत्र तेच, रसायन तेच, रिपोर्टचा कागदही तोच, आणि अर्थ मात्र उलटा. वॉर्डात तयार झालेला विद्यार्थी माझ्या ओपीडीत बसला की तो 99 निरोगी माणसांना आजारी ठरवायला निघतो. त्यात त्याचा दोष नाही. जिथे 1000 मध्ये 10 जणच आजारी असतात तिथे बसून विचार कसा करायचा, हे त्याला कुणी शिकवलेलेच नसते.

हे सूत्र पुस्तकात आहे आणि परीक्षेत त्यावर प्रश्नही येतो. विद्यार्थी गणित बरोबर सोडवतो. पण समोर घाबरलेला माणूस आणि हातात त्याचा रिपोर्ट, अशी वेळ आली की ते गणित त्याला आठवत नाही. ते अंगात मुरायला वेळ लागतो.

दुसरी गोष्ट अनिश्चिततेची. वॉर्डातल्या रुग्णाच्या केसपेपरवर निदान लिहिलेले असते, किमान त्याचा अंदाज तरी असतो. माझ्याकडे येणारा ताप पहिल्या दिवसाचा असतो. एका विद्यार्थिनीने मला विचारले, “सर, डायग्नोसिस काय लिहू?” मी म्हणालो, “ताप लिही.” तिला ते कामचुकारपणाचे वाटले असावे. पण पहिल्या दिवशी ‘ताप’ हेच प्रामाणिक निदान असते. डेंग्यूमध्ये धोक्याचा काळ बहुतेक वेळा ताप उतरू लागतो तेव्हा सुरू होतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, म्हणजे घरच्यांना हायसे वाटते नेमके त्या वेळी. नागिणीची आग पुरळ उठण्याच्या काही दिवस आधीच सुरू होऊ शकते, आणि तोवर तो माणूस बरगडी दुखते म्हणून फिरत असतो. अशा वेळी काहीही न करणे आणि थांबून पाहणे, यांत फरक असतो. थांबून पाहणारा डॉक्टर रुग्णाला सांगतो की पोटात सतत दुखू लागले, उलट्या थांबेनात, रक्त दिसले किंवा ग्लानी आली तर रात्र असली तरी ये, नाहीतर परवा दाखव. मग परवाची वाट बघतो. तो आला नाही, तर फोन करतो.

हे शिकवायचे तर विद्यार्थी परवा तिथे असायला हवा. पुढच्या महिन्यातही हवा, कारण रक्तदाबाची गोळी सुरू केलेल्या माणसाने ती मध्येच का सोडली, हे तेव्हा कळते. दोन आठवड्यांत त्याला गोष्टींच्या सुरुवाती तेवढ्या दिसतात. शेवट कधीच दिसत नाही, त्यामुळे आपला अंदाज चुकला की बरोबर आला, हेही त्याला कधी समजत नाही.

वेल्समधल्या ग्लिनकॉरुग या खाणकामगारांच्या गावात ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी अनेक दशके प्रॅक्टिस केली. ज्यांना वैद्यकीय सेवेची गरज सर्वाधिक, त्यांच्याच वाट्याला ती सर्वांत कमी येते, हा त्यांनी 1971 मध्ये मांडलेला नियम आपण जाणत असालच. मला त्यांचे दुसरे काम अधिक मोलाचे वाटते. गावातल्या प्रौढांचा रक्तदाब तक्रार नसतानाही मोजायचा आणि वर्षानुवर्षे मोजत राहायचा, हे त्यांनी एका लहान प्रॅक्टिसमधून, एकाच गावात टिकून राहून करून दाखवले.

मी मागतो आहे ते नवे नाही. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाने 1971 पासून तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी ग्रामीण भागातल्या डॉक्टरांकडे नऊ-नऊ महिने राहायला पाठवले. ऑस्ट्रेलियात फ्लिंडर्स विद्यापीठाने 1997 मध्ये मोजक्या विद्यार्थ्यांना रिव्हरलँड भागातल्या प्रॅक्टिसमध्ये वर्षभर ठेवले. तिथे सर्जरी, मेडिसिन, बालरोग अशा वेगवेगळ्या पोस्टिंग नव्हत्या. जो रुग्ण येईल, त्याच्यामागे विद्यार्थी जात असे, प्रसूती असो की हाड मोडलेले असो. हे विद्यार्थी परीक्षेत मागे पडतील, अशी धास्ती होती. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उलटेच दिसले. मोठ्या रुग्णालयात राहिलेल्या वर्गमित्रांच्या तुलनेत त्यांची कामगिरी सुधारली होती. यावर कुणी म्हणेल की जे आपणहून तिकडे गेले, ते मुळातच वेगळे असणार. शंका रास्त आहे. म्हणून कॅनडातल्या नॉर्दर्न ऑन्टॅरिओ स्कूल ऑफ मेडिसिनकडे पाहावे. 2005 मध्ये सुरू झालेल्या या महाविद्यालयाने तिसऱ्या वर्षाच्या सर्वच विद्यार्थ्यांना आठ महिने लहान गावांत आणि शहरांत ठेवायचे ठरवले. निवडक उत्साही मुलांपुरती ती सोय नव्हती, तो अभ्यासक्रमच होता. आपल्याकडेही देशाच्या आरोग्यसेवेचा आराखडा आखणाऱ्या भोर समितीने 1946 मध्येच ‘सामाजिक वैद्य’ घडवण्याची भाषा केली होती आणि त्यासाठी तीन महिन्यांचे प्रशिक्षण सुचवले होते. ती समिती माझ्यापेक्षा निम्म्यावर समाधानी होती, हे खरे!

आता अडचणी. आपले अधिकारी त्या सांगतीलच, मीच आधी सांगतो.

पहिली अडचण आम्ही डॉक्टरच आहोत. प्रत्येक दवाखाना शिकवण्याच्या लायकीचा नसतो. उगाच सलाईन लावणारे, सर्दीला अँटिबायोटिक देणारे, कशालाही स्टेरॉइडचे इंजेक्शन टोचणारे आमच्यातही आहेत, आणि त्यांच्याकडे सहा महिने काढलेला विद्यार्थी नुसता बिघडून परत येईल. तेव्हा निवड कडक हवी. महाविद्यालयाच्या प्राध्यापकांनी येऊन ओपीडीत शेजारी बसावे, प्रिस्क्रिप्शन पाहावीत. आमच्यातल्या काहींना ते अपमानाचे वाटेल. वाटू द्यावे.

दुसरी अडचण वेळेची. विद्यार्थ्याला हिस्टरी घेऊ दिली की रांग रेंगाळते. त्या वेळेचे मानधन न देता ‘सेवाभावा’ने शिकवा असे सांगितले, तर सेवाभाव पहिले काही महिने टिकतो आणि मग विद्यार्थी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून नुसता बघत राहतो. मानधन द्या, आणि त्याच्या बदल्यात शिकवल्याचा हिशोब मागा.

राहण्याची सुरक्षित सोय हवी, विशेषतः मुलींसाठी, हे वेगळे सांगायला नको. एक गोष्ट मात्र फारशी बोलली जात नाही. लहान शहरात सगळे सगळ्यांना ओळखतात. दवाखान्यात ऐकलेले संध्याकाळी चौकात पोचले, तर त्या रुग्णाचे लग्न मोडू शकते, नोकरी जाऊ शकते. विद्यार्थी समोर बसलेला चालेल का, हे रुग्णाला दर वेळी विचारायला हवे, आणि ‘नको’ म्हणणे त्याला सोपे जाईल अशा रीतीने विचारायला हवे. गोपनीयता वॉर्डात व्याख्यानाचा विषय असते, इथे ती रोज पाळावी लागते.

लॉगबुक या प्रकाराबद्दल मी न लिहिलेले बरे. शेवटच्या दिवशी एकाच पेनाने भरलेली कित्येक लॉगबुके मी पाहिली आहेत. त्याऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याकडे पहिल्या महिन्यातच दहा रुग्ण सोपवावेत: एखादी गरोदर बाई, मधुमेही, क्षयाचे औषध घेणारा, सांधेदुखीने बेजार झालेला म्हातारा. या दहा जणांचे सहा महिन्यांत काय झाले, कुठले औषध बदलले, कोण यायचा थांबला आणि का, हे त्याने लिहावे, आणि अंतिम परीक्षेच्या तोंडी भागात बाहेरच्या परीक्षकाने त्यावरच प्रश्न विचारावेत. या भागाला गुण असावेत आणि त्यात नापासही होता यावे. ज्याला गुण नाहीत ते विद्यार्थी वाचत नाहीत, हे आपणही विद्यार्थी असताना पाहिले असेल.

सगळ्या महाविद्यालयांत हे एकदम करणे जमणार नाही, याची जाणीव आहे. एका महाविद्यालयापासून सुरुवात करावी. पण तिथे संपूर्ण तुकडी पाठवावी, स्वेच्छेने हात वर करणारे नव्हे. माझ्याकडे दोघांची सोय होईल. शिकवताना पाहायला आपले प्राध्यापक केव्हाही येऊ शकतात, आधी कळवण्याचीही गरज नाही.

आपला,
एक जनरल प्रॅक्टिशनर